बेत आखणे म्हणजे काय? : उत्तरेचा रस्ता, एक ट्रक आणि तीन फेरीबोटी

 मागच्या व्याख्यानात आपण इच्छा आणि संकल्प यांतला फरक पाहिला. पाऊस पडावा ही इच्छा असू शकते, पण पाऊस पाडण्याचा संकल्प कोणी करत नाही. संकल्प आपल्या हातातल्या गोष्टीचाच होतो. आज त्याच्या पुढची पायरी घ्यायची आहे, ती म्हणजे बेत. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या विषयाला फारशी जागा मिळालेली नाही. लग्नाचा बेत, घराचा बेत, निवृत्तीनंतरचा बेत, आपण जन्मभर बेतच करत असतो. पण बेत म्हणजे नक्की काय आणि चांगला बेत कोणता, हे क्वचितच विचारतो.

उदाहरण आमच्याच एका प्रवासाचं घेतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं कॅनडाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठावर ट्रकने जायला निघालो होतो. पोहोचलो नाही. का पोहोचलो नाही, आणि न पोहोचणं ही चूक होती का, हाच आजचा विषय आहे.

चौघं म्हणजे आम्ही उभयता, सौ.चे धाकटे बंधू आणि त्यांचा मुलगा. आमचे हे मेव्हणे सातारा जिल्ह्यात एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाड्या दुरुस्त केल्या, स्वतः लांबचा प्रवास कधी केला नाही. भाचा एडमंटनला नोकरीला आहे. त्याने नकाशा दाखवून सांगितलं, "बाबा, इथून समुद्रापर्यंत आता रस्ता झालाय." तेव्हापासून मेव्हण्यांच्या मनाने घेतलं. त्यांना मधुमेह आहे, आणि त्या वर्षी डॉक्टरांनी मूत्रपिंडाबद्दल इशारा दिला होता. पुढे कधीतरी जाऊ, असं म्हणायची सोय उरली नव्हती.

आता बेताकडे वळू. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म सिद्ध व्हायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. भाष्यकारांनी या शब्दांचे अर्थ बारकाईने लावले आहेत. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं शंकराचार्य म्हणतात. दैव म्हणजे त्यांच्या मते इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, तर रामानुजाचार्यांच्या मते अंतर्यामी परमात्मा. आपण आज ते शब्द जरा सैल, व्यवहारातल्या अर्थाने घेऊ. अधिष्ठान म्हणजे जिथे काम करायचं ती जागा, करण म्हणजे साधनं, आणि दैव म्हणजे आपल्या हाती नसलेलं सगळं. बेताची यादी करायला ही पाच खाती उत्तम आहेत.

पहिलं खातं : रस्ता

एडमंटनहून वायव्येला सुमारे सहाशे किलोमीटरवर डॉसन क्रीक नावाचं गाव आहे. तिथे अलास्का हायवेचा शून्य मैल आहे. हा रस्ता युद्धाने जन्माला घातला. १९४१च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि अलास्काला जमिनीवरून रसद पोहोचवणारा रस्ताच नाही हे अमेरिकेच्या लक्षात आलं. १९४२ साली दहा हजारांहून जास्त सैनिक कामाला लागले. त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, त्यांच्या पलटणीही वेगळ्या ठेवलेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस हा कच्चा रस्ता डेल्टा जंक्शनपर्यंत जोडला गेला. सामान्य लोकांसाठी तो १९४८ साली खुला झाला. आज तो सगळा डांबरी आहे. वाटेत वॉटसन लेक गावात पाट्यांचं जंगल आहे. १९४२ साली घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका सैनिकाने आपल्या गावाच्या दिशेची पाटी तिथे ठोकली. मग येणारा-जाणारा प्रत्येकजण आपापल्या गावाची पाटी लावू लागला, आणि आता तिथे हजारो पाट्या आहेत.

व्हाइटहॉर्सपासून आणखी उत्तरेला डॉसन सिटी. (नावं सारखी आहेत, पण डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं. बेत करताना आमचाही पहिल्या दिवशी गोंधळ झाला होता.) डॉसन सिटीच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर उजवीकडे एक फाटा फुटतो. तो डेम्प्स्टर हायवे. खरा उत्तरेचा रस्ता इथे सुरू होतो. लांबी सुमारे ७४० किलोमीटर, सुरुवातीचे आणि शेवटचे काही किलोमीटर सोडले तर सगळा खडीचा. १९७९ साली तो पुरा झाला. तो इनुविक या गावी संपतो. तिथून पुढे समुद्रकाठच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत पूर्वी फक्त हिवाळ्यात, गोठलेल्या पाण्यावरून वाट असे. २०१७च्या नोव्हेंबरात सुमारे १४० किलोमीटरचा बारमाही रस्ता झाला. भाचा म्हणाला तो हाच.

हा रस्ता डांबरी का करत नाहीत, असं कोणीही विचारील. कारण तिथली जमीन खाली कायमची गोठलेली आहे. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती गोठलेली आहे तोवर दगडासारखी घट्ट. वितळली की चिखल, आणि त्यावरचा रस्ता खचतो. म्हणून एक मीटरहून जास्त, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त जाडीचा खडी-मुरमाचा थर अंथरून त्यावरून रस्ता नेला आहे. हा थर गोधडीसारखा आहे. फरक इतकाच, की आपली गोधडी ऊब आत ठेवते आणि ही गोधडी ऊब बाहेर ठेवते. याचा अर्थ असा, की तो रस्ता पक्का राहावा म्हणूनच कच्चा आहे. धूळ, खड्डे, टायर फाडणारे धारदार दगड या सगळ्या त्याच्या अटी आहेत, आणि त्या मान्य करूनच निघायला लागतं. अधिष्ठानाच्या अटी समजून घेणं ही बेताची पहिली पायरी.

दुसरं आणि तिसरं खातं : माणसं आणि गाडी

गाडी भाच्याची. मागे उघडा हौदा असलेली पिकअप. तिकडे तिला ट्रकच म्हणतात, म्हणून आम्हीही ट्रक म्हणतो. भाड्याची गाडी नेऊ, असं आम्ही आधी सुचवलं होतं. पण भाड्याच्या करारांत बहुधा खडीच्या रस्त्याला मनाई असते, आणि गाडी तिथे बंद पडली तर ओढून आणण्याचा खर्च आपल्याच डोक्यावर. ते कलम भाच्याने वाचून दाखवलं आणि विषय संपला.

मेव्हण्यांनी ट्रक ताब्यात घेतला तेव्हा आम्हाला कळलं की साधनांची यादी करणं हे एक शास्त्र आहे. टायर जाड, मालवाहू प्रतीचे. स्टेपनी एक नाही, दोन, आणि दोन्ही रिमवर चढवलेल्या. टायर आहे पण रिम नाही, तर अशा रस्त्याकडेला त्याचा काय उपयोग? जॅकच्या खाली ठेवायला लाकडी फळी, कारण खडीत जॅक रुततो. पंक्चर काढायचं सामान, हवा भरायचा पंप, पट्टा, इंजिन ऑइल, काचेची तडा वाढू नये म्हणून चिकटवायचं रसायन.

आणि पेट्रोल. डेम्प्स्टरच्या सुरुवातीपासून पहिला पंप ईगल प्लेन्सला, ३६९ किलोमीटरवर. मध्ये काहीही नाही. आम्ही कागदावर हिशेब मांडला : भरलेला ट्रक शंभर किलोमीटरला सोळा लिटर खातो, म्हणजे साठ लिटर. टाकी शंभरची. झालं की! मेव्हणे म्हणाले, "दाजी, तुम्ही जायचा हिशेब केला. तिथला पंप बंद निघाला तर?" म्हणजे हिशेब ३६९चा नाही, ७३८चा. त्याला एकशे अठरा लिटर लागतात. म्हणून वीस-वीस लिटरचे दोन कॅन वर घेतले. यातून एक नियम निघतो, तो नुसता पेट्रोलला लागू नाही : जिथे पुढची सोय दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे जाण्याचा हिशेब येण्यासकट करायचा.

हाच नियम औषधांना लावला. इन्सुलिन चोवीस दिवसांचं लागणार होतं, घेतलं चाळीस दिवसांचं, आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. हॉस्पिटल डॉसन सिटीला आहे आणि मग एकदम इनुविकला. शिवाय कागदपत्रं. आमच्या मार्गात कॅनडातून अलास्कात, मग समुद्रमार्गे वॉशिंग्टन राज्यात आणि पुन्हा कॅनडात असं जाणं-येणं होतं. म्हणजे दोन्ही देशांचे व्हिसा हवेत. म्हातारपणी माणूस नकाशावर सरहद्द ओलांडतो तेव्हा त्याला काही वाटत नाही. ती खरोखर ओलांडताना शिक्के लागतात.

चौथं खातं : दिवसांची मांडणी

अमेरिकन तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांचं १९८७ सालचं पुस्तक आहे, हेतू, बेत आणि व्यवहारातला विवेक यांवर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाची बुद्धी आणि वेळ मर्यादित आहेत. प्रत्येक क्षणी सगळ्याचा नव्याने विचार करणं त्याला परवडत नाही. म्हणून तो आधी बेत करतो. बेत अर्धवट असतो, तपशील नंतर भरायचे असतात. पण त्याला एक स्थैर्य असतं. क्षुल्लक कारणाने तो पुन्हा उकरायचा नसतो. उकरायचाच असेल तर मग बेत करून मिळवलं काय?

आमच्या बेतात पक्क्या गोष्टी दोन. एक, भाच्याची रजा चोवीस दिवसांची. दुसरी, परतीचं जहाज. ही तिसरी फेरीबोट, खरं तर सगळ्यांत मोठी. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतात. राजधानीचं शहर जूनो, पण तिथे बाहेरून मोटारीने जायला रस्ता नाही. म्हणून १९६३ पासून तिथे सरकारी बोटी चालतात, आणि त्यांना नावच 'मरीन हायवे' आहे, समुद्रावरचा महामार्ग. स्कॅग्वेला ट्रक बोटीत चढवायचा आणि सुमारे साडेतीन दिवसांनी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला उतरवायचा. भाडं गाडीच्या लांबीवर. मागे लावलेला हूकसुद्धा मोजतात. जहाज चालू असताना गाडीपाशी थांबता येत नाही, त्यामुळे औषधं आणि गरम कपडे आधीच वर न्यावे लागतात. काही प्रवासी डेकवरच तंबू लावून झोपतात. आठवड्यातून साधारण एकच जहाज, आणि उन्हाळ्यात गाड्यांची जागा महिनोन्महिने आधी भरते. आम्ही मार्चमध्येच तिकीट काढलं. तारीख होती प्रवासाचा अठरावा दिवस.

आता मांडणी पाहा. डॉसन सिटीपर्यंत सहा दिवस. सातव्या दिवशी डेम्प्स्टर, आठव्याला ईगल प्लेन्स, नवव्याला इनुविक, दहाव्याला समुद्र आणि परत इनुविक. तेराव्या दिवशी डॉसन सिटी. दोन दिवस मोकळे. मग दोन दिवसांत स्कॅग्वे, चार दिवस जहाज आणि तीन दिवस घरापर्यंत. कागदावर इतकी देखणी मांडणी, की आम्ही ती भिंतीवर लावली होती.

पाचवं खातं : नदी

डेम्प्स्टरवर दोन मोठ्या नद्या आडव्या येतात, पील आणि मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फेरीबोटी चालतात, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, आणि मधल्या काळात, बर्फ फुटताना आणि धरताना, रस्ता बंद. फेरीबोट फुकट असते. तिकीट नाही, आरक्षण नाही. काठावर जाऊन उभं राहायचं, बोट येते. पण वरच्या डोंगरांत पाऊस झाला की पाणी चढतं, वाहून आलेले ओंडके फिरू लागतात, बोट लावायचा खडीचा उतार वाहून जातो. मग बोट थांबते. ती कधी सुरू होईल, हे नदी सांगते.

म्हणजे आमच्या बेतात दोन तऱ्हांच्या फेरीबोटी होत्या. एक तिकीटवाली, जी आपल्यासाठी थांबणार नाही. दुसरी बिनतिकिटाची, जिच्यासाठी आपल्याला थांबावं लागेल.

निघण्यापूर्वी मेव्हण्यांनी वहीत एक ओळ लिहायला लावली : "अकराव्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पीलची बोट सुरू नसेल तर मागे फिरायचं." आम्ही म्हटलं, आत्तापासून अशुभ कशाला? ते म्हणाले, "आत्ताच लिहायचं. तिथे गेल्यावर डोकं आपलं राहत नाही."

मंडळी, त्या रस्त्याचं नाव ज्यावरून पडलं ती हकिकत इथे सांगायला हवी. रस्ता झाला त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात डॉसन सिटी आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामध्ये घोडदळ पोलिसांची गस्त कुत्र्यांच्या गाड्यांवरून जात असे. १९१०च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फिट्झगेराल्ड तीन साथीदारांसह फोर्ट मॅकफर्सनहून निघाले. वेगाने पोहोचायचं म्हणून त्यांनी शिधा कमी घेतला होता. वाट दाखवणारा साथीदार त्या वाटेने पूर्वी एकदाच, तोही उलट दिशेने गेला होता. वाटेत एसाव जॉर्ज नावाचा ग्विचिन माणूस त्यांना भेटला. हा त्याचाच मुलूख. त्याने काही दिवस वाट दाखवली, आणि मग त्यांनी त्याला परत पाठवलं. पुढे जिथे वळायचं तो ओढा त्यांना सापडेना. ओढा शोधण्यात कित्येक दिवस गेले. मागे फिरले तेव्हा शिधा संपत आला होता. कुत्री मारून खावी लागली. चौघेही गेले. शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर होते. १९११च्या मार्चमध्ये त्यांना शोधून काढलं ते कॉर्पोरल डेम्प्स्टर यांनी. रस्त्याला नाव त्यांचं.

पाच खात्यांत हे मांडून पाहा. माणसं धाडसी आणि कसलेली होती. थंडी कडक होती, पण ती तिथे कडक असतेच. चूक झाली ती करणात, शिधा कमी, आणि अधिष्ठानात, वाट ठाऊक असलेला माणूस परत पाठवला. पण सर्वांत मोठी उणीव चौथ्या खात्यात होती असं आम्हाला वाटतं. कोणत्या दिवशी शोधणं थांबवून मागे फिरायचं, हे अन्न पुरेसं असताना ठरवायचं असतं. अन्न संपत आल्यावर ते ठरवता येत नाही, नुसतं भोगता येतं.

आता आमचं. आठव्या दिवशी संध्याकाळी ईगल प्लेन्सला पोहोचलो. फलकावर लिहिलं होतं : पीलची फेरीबोट बंद. नववा दिवस थांबलो. ३६ किलोमीटर पुढे आर्क्टिक वृत्ताची खूण आहे, तिथे जाऊन आलो. रात्र नाहीच. मध्यरात्री ऊन अंगावर घेत मेव्हणे चाकांचे नट तपासत बसले होते. दहावा दिवस थांबलो. मालाचे ट्रक रांगेने उभे. त्यांचे चालक पत्ते खेळत होते. त्यांना तारीख नव्हती, म्हणून घाईही नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी नऊ. बातमी आली : पाणी उतरतंय, कदाचित संध्याकाळी बोट सुरू होईल.

'कदाचित' हा शब्द फार अवघड आहे. समुद्र पाचशे किलोमीटरवर. भाचा म्हणाला, संध्याकाळी निघू, रात्र नाहीच तर गाडी चालवत राहू, एक दिवस कमी करू. आम्हालाही ते पटत होतं. खरं सांगायचं तर आम्हीच म्हणालो, की नियम माणसासाठी असतात. पन्नास वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्याचा हा उपयोग : मोहाला लगेच युक्तिवाद सापडतो.

मेव्हण्यांनी वही उघडली. म्हणाले, "दाजी, संध्याकाळी उघडलेली नदी उद्या पुन्हा बंद होणार नाही कशावरून? मग आपण पलीकडे अडकणार आणि जहाज अलीकडून जाणार. आता काय नवीन कळलंय? 'कदाचित' तेव्हाही होतं की." आणि बहिणीकडे वळून म्हणाले, "अक्का, चहा घे, निघू."

ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांनीच ट्रक वळवायला सांगितला. परतीच्या पहिल्या शंभर किलोमीटरात कोणी बोललं नाही.

डॉसन सिटीला पोहोचल्यावर कळलं, पीलची बोट आदल्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली होती. आणि पुढचा आठवडाभर ती बंद पडली नाही.

मग चूक झाली का?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी 'मॉरल लक' हा प्रश्न मांडला. आपण त्याला नैतिक दैव म्हणू. माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टीवरून आपण त्याचं मूल्यमापन का करतो? फिट्झगेराल्डना तो ओढा पहिल्याच दिवशी सापडला असता, तर हलक्या सामानाने केलेल्या झपाट्याच्या गस्तीबद्दल त्यांचं कौतुक झालं असतं. बेत तोच, माणसं तीच, फक्त ओढा सापडला असता. म्हणून फळावरून बेत जोखता येत नाही. निर्णयाच्या क्षणी जे माहीत होतं, त्यावरूनच तो जोखायचा. या कसोटीवर अकराव्या दिवसाचा निर्णय बरोबर होता, असं आम्ही आजही म्हणतो. नदी उघडी राहिली हा नदीचा निर्णय होता, त्याने आमचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

पण इथेच थांबलो तर आपण स्वतःची सोयीस्कर समजूत घालू. फळावरून बेत जोखता येत नाही हे खरं, पण फळामुळे बेत पुन्हा तपासायचं निमित्त मिळतं. तपासल्यावर चूक सापडली. ती अकराव्या दिवशी घडलेली नव्हती. ती मार्चमधली होती, तिकीट काढतानाची.

स्कॅग्वेला जहाज येईपर्यंत आमच्या हाती रिकामे दिवस होते. एका संध्याकाळी धक्क्यावर बसलो असता मेव्हणे म्हणाले, "आपण बेत उलटा बांधला. तिकिटाची गाडी शेवटी ठेवली. ती आधी घ्यायला हवी होती."

मंडळी, किती साधी गोष्ट! जहाजाची तारीख ठरलेली आणि नदीची न ठरलेली. आम्ही न ठरलेली गोष्ट आधी ठेवली आणि ठरलेली नंतर. त्यामुळे नदीवरची प्रत्येक अडचण जहाजावर जाऊन आदळणार होती. उलट केलं असतं, आधी बेलिंगहॅमला जाऊन ठरलेल्या तारखेला जहाज पकडलं असतं, मग स्कॅग्वेहून रस्त्याने उत्तरेला आणि शेवटी अलास्का हायवेने घरी, तर नदीपुढे कोणतीच तिकिटाची तारीख उरली नसती. रजेची मर्यादा राहिली असती, पण नोकरीतून दोन दिवस वाढवून मागता येतात, जहाजाकडून येत नाहीत. शिवाय रस्त्याने परतताना लांब मजला मारून दिवस भरून काढता येतात. अंतर तेवढंच, खर्च तेवढाच, मोकळे दिवसही तेवढेच. फक्त क्रम वेगळा, आणि त्या क्रमात आम्ही आणखी दोन-तीन दिवस सहज थांबलो असतो. बोट तर त्याच संध्याकाळी सुरू झाली.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात म्हटलं आहे की विचारविनिमय आपल्या हातातल्या गोष्टींचाच होतो, नशिबाच्या गोष्टींचा होत नाही. त्यात एक भर घालावीशी वाटते. दैव हाती नसतं, पण बेतात दैवाला कुठे बसवायचं, हे आपल्या हाती असतं. गीतेने दैव पाचवं सांगितलं आहे, पण ते कर्माच्या बाहेर ठेवलेलं नाही, कारणांच्या यादीतच घेतलं आहे. आम्ही त्याच्यासाठी दोन दिवस बाजूला काढले आणि समजलो की त्याची सोय झाली. त्याची जागा मात्र चुकवली.

तेव्हा चांगल्या बेताच्या तीन खुणा सांगता येतील. एक, जाण्याचा हिशेब येण्यासकट असतो. दोन, कुठे थांबायचं ते डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवलेलं असतं, आणि नवं काही कळल्याशिवाय ते खोडायचं नसतं. तीन, ठरलेल्या तारखेची गोष्ट शक्य तिथे आधी आणि बेभरवशाची नंतर. तुमच्या घरातलं पुढचं ऑपरेशन, घराचं बांधकाम, मुलांचं परदेशी जाणं, काहीही या तीन खुणांवर तपासून पाहा.

शेवटी एक सांगायचं राहिलं. मेव्हण्यांचं आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तो प्रवास पुन्हा होणार नाही. मागच्या महिन्यात साताऱ्याला त्यांच्याकडे गेलो होतो. डोक्यात हेच व्याख्यान होतं, म्हणून विचारलं, वाईट वाटतं का? ते म्हणाले, "समुद्र राहिला, हे वाटतंच. पण मागे फिरलो, त्याचं नाही वाटत." आम्ही 'नैतिक दैव' समजवायला दोन तास घेतो. त्यांचं दोन वाक्यांत झालं. खेद आणि पश्चात्ताप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या का आहेत, आणि निर्दोष निर्णयाचंही दुःख का व्हावं, हे पुढच्या व्याख्यानात पाहू.

तोपर्यंत एक अभ्यास. तुमच्या मनातला एखादा बेत कागदावर मांडा, त्यात नदी कुठे आहे आणि जहाज कुठे आहे ते शोधा, आणि त्यांचा क्रम बदलता येतो का ते पाहा.